हैतीहून ब्रुकलिनला आलेल्या आमच्या ग्रान : स्मरणाच्या दिवशी काय सांगावे, काय वगळावे?

कृष्णाकाठ

माझ्या आजेसासूबाई, ज्यांना घरातले आणि गल्लीतले सगळेच 'ग्रान' म्हणजे आजी म्हणत, गेल्या आठवड्यात ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागातील राहत्या घरी वयाच्या ९१व्या वर्षी निवर्तल्या. मी मूळची वाईची. नवरा जन्माने अमेरिकन असला तरी त्याचे दोन्हीकडचे घराणे हैतीचे. तिथल्या कॅथलिक घरांत मृत्यूनंतर नऊ दिवस प्रार्थना होते आणि शेवटच्या दिवशी सगळे आप्त एकत्र जेवतात. त्या जेवणाआधी ग्रानविषयी बोलण्याचे काम घरच्यांनी माझ्यावर सोपवले आहे, कारण अखेरच्या वर्षांत संध्याकाळी त्यांच्याजवळ बसण्याचा आणि त्यांचे ऐकण्याचा योग सर्वांत जास्त मला लाभला. बोलायचे इंग्रजीत आणि थोडे हैतीच्या क्रेओल भाषेत आहे, पण माझा विचार मराठीतच चालतो, म्हणून इथे लिहिते आहे.

ग्रान हैतीच्या दक्षिण भागातल्या ले काय शहराजवळच्या डोंगरातल्या. घरची थोडी कॉफीची झाडे होती. ऑक्टोबर १९६३ मध्ये फ्लोरा चक्रीवादळाने तो सगळा पट्टा झोडपून काढला, तेव्हा झाडे गेली आणि घराचे छप्परही गेले. पुढे त्यांचे यजमान कामाच्या शोधात बहामाजला गेले आणि त्यांच्याकडून परत निरोप आला नाही. १९६९ मध्ये ग्रान चार मुलांना आपल्या आईकडे ठेवून न्यूयॉर्कला आल्या. धाकटा दोन वर्षांचा होता आणि थोरली, म्हणजे माझ्या सासूबाई, आठ वर्षांच्या. एका कुटुंबात राहून त्यांची मुले सांभाळायची, स्वयंपाक करायचा आणि पगार आला की त्यातला मोठा भाग गावी पाठवायचा, असे त्यांचे दिवस सुरू झाले. त्याच मालकांनी कागदपत्रे करून दिल्यावर थोरली दोन मुले १९७६ मध्ये आणि धाकटी दोन १९७९ मध्ये इकडे आली. कागदपत्रे हाती आल्यापासून निवृत्तीपर्यंत ग्रानने वृद्धाश्रमात परिचारिकांची मदतनीस म्हणून काम केले, तेही बहुतेक रात्रपाळीत, म्हणजे दिवसा मुलांना आणि पुढे नातवंडांना वेळ देता यावा.

या नऊ दिवसांत येणारा प्रत्येक जण म्हणतो, "त्यांनी सगळे आयुष्य दुसऱ्यांसाठी वाहिले." ते खरेच आहे. परंतु मुलांपासून दूर काढलेल्या वर्षांविषयी मी बोलावे असे मला वाटते, आणि सासूबाई म्हणतात की ती वर्षे कशाला काढायची, आईने आम्हाला आणले एवढेच पुरे. माझ्यासमोर ग्रानची पतवंडे बसलेली असतील, ज्यांना त्या फक्त सोफ्यावर बसून माळ ओढणाऱ्या आजी म्हणून ठाऊक आहेत. आपण काय सांगितले असते?

रानजाई

ग्रानना मनापासून श्रद्धांजली. आपल्या पोस्टमधूनच त्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. माझे मत असे की ती वर्षे सांगावीत, पण आवाज न चढवता.

दर्यासारंग

मी राजापूर तालुक्यातला. आमच्या गावात माझ्या लहानपणी पोस्टमन हा सर्वांत महत्त्वाचा माणूस होता, कारण घराघरांतले कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते आणि चूल त्यांच्या मनीऑर्डरीवर पेटत असे. त्यामुळे दूर राहून घर चालवणे म्हणजे काय हे मला कळते. फरक इतकाच की आमच्याकडे गेलेला माणूस गणपतीला आणि शिमग्याला येत असे. समुद्रापलीकडे गेलेल्या आणि कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत परत येऊ न शकणाऱ्या आईला ते सुखही नव्हते. त्या काळात त्यांचा मुलांशी संपर्क कसा होता, हे आपल्याला ठाऊक असेल तर अवश्य लिहा. गावाकडे दूरध्वनी नसणार, आणि तिथे लिहिता-वाचता येणारे किती होते कोण जाणे.

कृष्णाकाठ

दर्यासारंग, ग्रानना सही करता येत होती, पण पत्र लिहिता येत नव्हते. त्यांच्या लहानपणी हैतीत शाळा फ्रेंचमधून असे आणि घरात, बाजारात, शेतात सगळे क्रेओल बोलत. क्रेओल शाळेत आली ती १९७९ नंतरच्या सुधारणांमुळे आणि राज्यभाषा झाली १९८७ च्या राज्यघटनेने. न कळणाऱ्या भाषेतली शाळा त्यांनी दोन वर्षांत सोडली. त्यामुळे पत्रांऐवजी कॅसेट जात. सत्तरच्या दशकात असंख्य हैतीयन कुटुंबांत हीच रीत होती. गावी जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर टेप पाठवायची आणि तिच्या दुसऱ्या बाजूवर घरच्यांनी उत्तर भरून परत पाठवायचे. सासूबाई सांगतात की आईच्या टेपमध्ये निम्मा वेळ सूचना असत : बकरी विकू नका, धाकट्याच्या डोक्याला एरंडेल लावा, कोणाला किती पैसे द्यायचे आहेत, आजीचे ऐका. सूचना संपल्या की त्या एक गोष्ट सांगत. हैतीत गोष्ट सांगणारा आधी "क्रिक?" असे विचारतो आणि ऐकणाऱ्यांनी "क्राक!" म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. ग्रान टेपवर "क्रिक?" म्हणून थोडा वेळ थांबत असत, आणि तिकडे डोंगरातल्या घरात चारही मुले यंत्राला ओरडून उत्तर देत.

जुनी_बखर

कृष्णाकाठ ताई, तो कॅसेटचा प्रसंग आपण सांगायलाच हवा, मग बाकी काही सांगा अथवा सांगू नका.

पतवंडांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यावी असेही सुचवतो, कारण "गरीब देशातून आलेली आजी" असे म्हणून विषय संपवला की तो देश जन्मतःच गरीब होता असा समज होतो. हैती ही एके काळी फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती आणि ती श्रीमंती आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या श्रमांवर उभी होती. त्याच माणसांनी नेपोलियनच्या सैन्याचा पराभव करून १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून, गमावलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले, आणि त्या 'मालमत्तेत' स्वतंत्र झालेली माणसेही धरलेली होती. १८३८ मध्ये ही रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचा शेवट १९४७ मध्ये झाला. म्हणजे आपल्या ग्रान १३ वर्षांच्या होईपर्यंत त्यांचा देश स्वतःच्या स्वातंत्र्याची किंमत मोजत होता. डोंगरातली कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घामातूनही ती जात होती, कारण सरकारचे उत्पन्न मुख्यतः कॉफीच्या निर्यातीवरील करातून येत असे.

त्यांनी देश सोडला तो काळही लक्षात घ्यावा. १९५७ पासून फ्रांस्वा दुव्हालिए यांची हुकूमशाही होती आणि 'तोंतों माकूत' नावाच्या त्यांच्या सशस्त्र माणसांची गावोगावी दहशत होती. १९७१ मध्ये सत्ता मुलाकडे गेली आणि तो पळाला १९८६ मध्ये. अशा राजवटीत चार मुलांची एकटी आई काय विचार करेल, हे सांगितल्याशिवाय तिचे जाणे समजणार नाही.

डोंगरवाट

मला हे पटत नाही, आणि ते स्पष्टपणे लिहितो. जेवणाआधीच्या स्मरणात दोनशे वर्षांचा इतिहास आणणे म्हणजे गेलेल्या माणसाला उदाहरण बनवणे होय. लोक तिथे ग्रानसाठी येतील, कर्जाच्या हप्त्यांसाठी येणार नाहीत. दुसरे म्हणजे, सासूबाई त्या वर्षांच्या साक्षीदार आहेत आणि त्यांनी नको म्हटले आहे. ज्यांच्या वाट्याला ते दुःख आले त्यांची इच्छा, ते सांगण्याच्या आपल्या इच्छेपेक्षा मोठी आहे. कृपया राग मानू नये.

सायली_बॉस्टन

डोंगरवाट यांचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे, पहिला नाही.

मी बॉस्टनमध्ये परिचारिका आहे. इथे डॉर्चेस्टर आणि मॅटापॅन भागांत हैतीयन वस्ती मोठी आहे आणि माझ्या विभागातल्या बहुतेक मदतनीस त्याच समाजातल्या. त्यांच्याविषयी "किती प्रेमळ, किती सेवाभावी" असे सगळेच म्हणतात, आणि त्या गौरवात त्यांचे कसब मात्र नजरेआड होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला आणि टाचांना जखमा होतात. स्वतःच्या कमरेला इजा न होऊ देता शंभर किलोच्या माणसाला खाटेवरून खुर्चीत घेणे, घास गिळताना ठसका लागतो आहे हे आवाजावरून ओळखणे, काल बोलणारा माणूस आज गप्प का आहे हे डॉक्टरांच्या आधी टिपणे, या साऱ्या गोष्टी वर्षानुवर्षांच्या सरावाने येतात. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ हैतीयन मदतनिसांनी मला नोकरीच्या सुरुवातीला जे शिकवले, ते कोणत्याही पुस्तकात नव्हते.

म्हणून माझी विनंती अशी की ग्रान आपल्या कामात किती तरबेज होत्या, याविषयी जरूर बोला. त्यांच्या हातांना काय येत होते ते पतवंडांना कळू द्या.

रानजाई

सायली यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्या घरीही आजीच्या "मायेचे" कौतुक झाले, पण ती पंचक्रोशीतली उत्तम सुईण होती हे तिच्या निधनानंतर आम्हाला बाहेरच्या लोकांकडून कळले.

कृष्णाकाठ

सायली, आपण लिहिलेले वाचून मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. ग्रानच्या कसबाची दोन उदाहरणे मला आठवली, ती इथे नोंदवून ठेवते.

पहिले भिशीचे. हैतीयन लोक तिला 'सोल' म्हणतात आणि पद्धत अगदी आपल्यासारखीच : ठरावीक माणसांनी दर पगाराला सारखी रक्कम घालायची आणि पाळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची. वृद्धाश्रमातल्या बायकांची सोल ग्रान चालवत. कागदावर एक अक्षर नसे. कोणाची पाळी कधी, कोणी मागच्या वेळी उशीर केला, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून तिला पुढची पाळी द्यायची, हे सगळे डोक्यात. मुलांच्या विमान तिकिटांचे पैसे याच सोलमधून उभे राहिले, आणि आमच्या घराची सुरुवातीची रक्कमही. १९७८ नंतर डुकरांच्या साथीच्या तापामुळे हैतीतली सगळी देशी काळी डुकरे १९८३ पर्यंत मारून टाकण्यात आली. खेड्यातल्या घरांत डुक्कर हीच शिल्लक असते. शाळेची फी आणि मयताचा खर्च त्यावर भागतो. त्या काळात ग्रानने आपली पाळी आधी मागून घेतली आणि मागे राहिलेल्या भावंडांना पैसे पाठवले.

दुसरे १९९० चे. ऐंशीच्या दशकात एड्सची साथ आली तेव्हा अमेरिकेत हैतीच्या नागरिकांना सरसकट धोक्याचा गट ठरवले गेले होते. ती नोंद १९८५ मध्ये निघाली, पण फेब्रुवारी १९९० मध्ये हैतीतून आलेल्या कोणाचेही रक्त घेऊ नये, असा आदेश सरकारी यंत्रणेने काढला. रोज आजाऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या बाईला तिच्या देशामुळे अशुद्ध ठरवले गेले, हे त्यांना फार लागले. २० एप्रिल १९९० रोजी हजारो हैतीयन माणसे ब्रुकलिन पूल चालत ओलांडून मॅनहॅटनला गेली. रात्रपाळी संपवून कामाच्या पांढऱ्या गणवेशातच ग्रान त्यांच्यात सामील झाल्या. त्यांच्या म्हणण्यानुसार पूल पायाखाली हलत होता. त्याच वर्षाअखेर तो आदेश मागे घेतला गेला.

आणि हो, त्या कोडी फार घालत. एक इथे देते, उत्तर सांगा : उभे पाणी कोणते, आडवे पाणी कोणते आणि टांगलेले पाणी कोणते?

पंचगंगा

टांगलेले पाणी म्हणजे नारळ, हे नक्की.

दर्यासारंग

नारळाचे उत्तर आम्हा कोकणवाल्यांसाठी राखून ठेवायला हवे होते! आडवे पाणी कलिंगड असावे.

पंचगंगा

मग कोल्हापूरकराने ऊस ओळखला नाही तर काय उपयोग? उभे पाणी म्हणजे ऊस.

कृष्णाकाठ

तिन्ही बरोबर. ग्रान असत्या तर पुढचे, अधिक अवघड घातले असते.

वसईची_वाट

नऊ दिवसांच्या प्रार्थनेविषयी वाचले आणि राहवले नाही. आम्ही वसईचे ख्रिस्ती. आमच्याकडेही नोव्हेना आहे आणि बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नित्य सहाय्य मातेच्या नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात, हे मुंबईकरांना ठाऊक आहेच. हीच माता हैतीची आश्रयदाती आहे. १८८२ मध्ये तिथल्या राजधानीत, पोर्ट-ऑ-प्रिन्सला, देवीच्या रोगाची साथ आली होती, तेव्हापासून तिथे तिची भक्ती रुजली आणि तिचा सण २७ जूनला असतो. आपल्या ग्रानच्या खोलीत सोनेरी पार्श्वभूमीचे, आईच्या हाताला धरलेल्या बाळाच्या पायातली एक चप्पल निसटलेली असे चित्र होते का?

कृष्णाकाठ

होते, खाटेच्या अगदी समोर! माझ्या आई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांनी ते पाहून "ही तर माहीमची" असे म्हटले होते, कारण दादरला असताना त्या शेजारणीबरोबर दर बुधवारी जात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्या चित्रासमोर दोघी पुष्कळ वेळ बसल्या. दर वर्षी १६ जुलैला ग्रान पूर्व हार्लेमच्या माउंट कार्मेल मातेच्या चर्चलाही जात. हैतीत त्या दिवशी सो-दो नावाच्या गावी धबधब्यावर मोठी यात्रा भरते; तिकडे जाता येत नाही म्हणून न्यूयॉर्कचे हैतीयन हार्लेमला जातात.

सुगंधी

विषय ले कायचा निघाला म्हणून लिहिते. मी अत्तराच्या व्यवसायात आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या वाळ्याच्या तेलाचा फार मोठा वाटा त्याच परिसरातून येतो. मूळ आपल्याकडचे हे गवत तिथल्या डोंगरउतारांवर हजारो लहान शेतकरी लावतात. मुळे नीट भरायला वर्ष-दीड वर्ष लागते, पण घरात अडचण आली की शेतकरी ती कोवळीच उपटतो आणि मग मोकळी झालेली माती पावसात वाहून जाते. उन्हाळ्यात आपण माठात वाळा घालतो, त्याच्याशी या कुटुंबांचा असा संबंध आहे, हे मला फार उशिरा कळले.

कृष्णाकाठ

ग्रानच्या कपाटात चादरींच्या घड्यांमध्ये वाळ्याची जुडी असे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत मी ती हुंगून "वाळा!" असे ओरडले आणि त्यांनी ती जुडी तिथल्या तिथे माझ्या हातात दिली.

पंचगंगा

थोडे जेवणाविषयीही सांगा. हैतीचे भोपळ्याचे सूप प्रसिद्ध आहे ना?

कृष्णाकाठ

सूप झूमू. गुलामीच्या काळात ते मालकांसाठी रांधायचे आणि रांधणाऱ्यांनी चाखायचे नाही. म्हणून १ जानेवारीला, स्वातंत्र्याच्या दिवशी, प्रत्येक हैतीयन घरात ते होते आणि ओळखीच्यांना डब्यांतून वाटले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा ग्रानने फोन करकरून सगळ्यांना सांगितले होते. लाल भोपळ्यासारखा स्थानिक भोपळा, कोबी, गाजर, बटाटा, शेवटी थोडा पास्ता, वर अख्खी झणझणीत मिरची जी फुटू द्यायची नाही, आणि लिंबाने धुऊन मुरवलेले गोमांस. मी मांसाहार करत नाही, हे कळल्यावर त्यांनी दर वर्षी माझ्यासाठी वेगळे पातेले चढवले, त्यात डाव वेगळा आणि झाकणही वेगळे. सुनेच्या सवयीबद्दल त्यांनी मला कधी एक प्रश्नही विचारला नाही.

डोंगरवाट

वेगळ्या पातेल्याची आठवण सर्वांआधी सांगावी, असे मला वाटते. इतिहासाविषयीचे माझे मतही थोडे बदलले आहे. पुलावरून चालत गेलेली बाई हा इतिहास सांगितल्याशिवाय कळणार नाही. सासूबाईंच्या इच्छेबद्दल मात्र मी ठाम आहे.

माहेरवाट

मी इथे बहुधा फक्त वाचते, पण आज लिहिते आहे. माझे आईवडील आखातात नोकरीला होते आणि मी सहा वर्षांची असल्यापासून दहावीपर्यंत आजोळी सांगलीला वाढले. त्यांनी ते माझ्यासाठी केले हे मला समजत होते आणि तरीही राग होता, आणि तो राग आजही पूर्णपणे गेलेला नाही. कुणी जाहीरपणे "त्यांनी मुलांसाठी केवढा त्याग केला" असे म्हटले की मला गप्प बसावे लागते, कारण त्या वाक्यात माझ्या बाजूला जागाच नसते. आपल्या सासूबाईंना ती वर्षे नको असण्याचे कारण कदाचित हे असेल की लोक ती केवळ आईचा मोठेपणा म्हणून ऐकतील. त्यांना एकदा एकांतात विचारा की तुम्हाला त्या वर्षांतले काय सांगावेसे वाटते. उत्तर नाही आले तरी विचारणे वाया जाणार नाही.

रानजाई

माहेरवाट, आपण लिहिलेत याबद्दल आभार.

कृष्णाकाठ

माहेरवाट, काल रात्री भांडी आवरताना मी सासूबाईंना आपल्या शब्दांत विचारले. त्या पुष्कळ बोलल्या. १९७६ मध्ये विमानतळावर उतरल्यावर समोर उभ्या असलेल्या बाईला त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलेच नाही. ती "पोरी, स्वेटर घाल" असे म्हणाली तेव्हा कॅसेटमधला आवाज ओळखू आला. पुढे दोन-तीन वर्षे त्या आईशी नीट बोलत नसत. रात्रपाळीवरून आल्यावर ग्रान त्यांच्या केसांना तेल लावायला बसत, आणि बोलायचे नसले तरी डोके पुढे करावेच लागे. हे सगळे मुलांसमोर सांगायला त्यांची ना नाही, पण ते त्या स्वतः सांगणार आहेत, मी नाही. मला त्यांनी सोल, पूल, वृद्धाश्रमातले काम आणि कोडी एवढे वाटून दिले आहे. कर्जाच्या इतिहासातले १९४७ हे वर्ष मी एका वाक्यात घेईन. जुनी_बखर यांचे आभार.

एक गोष्ट मात्र सलते. ग्रानना आपल्या आईशेजारी, डोंगरातल्या घराच्या आवारातल्या थडग्यात जायचे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये विमानांवर गोळीबार झाल्यापासून अमेरिकेतून पोर्ट-ऑ-प्रिन्सला जाणारी प्रवासी विमाने बंद आहेत आणि राजधानीतून दक्षिणेकडे जाणारा रस्ता सशस्त्र टोळ्यांच्या हाती आहे, त्यामुळे दफन इथेच करावे लागले.

वसईची_वाट

तिथे एखादा भाऊबंद असेल तर त्याच दिवशी, त्याच वेळी गावच्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण करायला सांगा. आमच्याकडे परदेशात वारलेल्यांसाठी असे करतात.

कृष्णाकाठ

हे कुणालाच सुचले नव्हते. ग्रानच्या धाकट्या बहिणीचा मुलगा अजून गावातच आहे. नवरा आत्ताच त्याला व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवतो आहे.

सायली_बॉस्टन

मोर्चाविषयी बोलताना तारीख पूर्ण सांगा. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण हैतीयन मुलींनाही त्याची माहिती नाही, आणि त्यांच्यापैकी कित्येकींच्या आज्या त्या पुलावर होत्या.